अँटेनाखालचं माणूस

टीव्हीची अँटेना फिरवायला दोन माणसं लागतात. एक वर पत्र्यावर आणि एक खाली, टीव्हीसमोर. वरच्यानं पाइप धरून फिरवायचा आणि ओरडून विचारायचं, आलं का? खालच्यानं पडद्याकडं बघून सांगायचं, आलं की गेलं. दुकानदार टीव्ही विकताना बाकी सगळं सांगतो. व्होल्टेज सांगतो, गॅरंटी सांगतो, वरचं कापडी कव्हर फुकट देतो. पण हे एवढं सांगत नाही, कारण घर म्हटलं की त्यात निदान दोन माणसं असणारच, असं तो धरून चालतो. ढवळमाळच्या कचरू भिंगारदिव्यानंही तसंच धरलं होतं.

ढवळमाळ हे गाव सुप्याच्या बाजूला, नगर-पुणे रस्त्यापासून आत, टेकडीच्या पोटाशी आहे. नगरला टीव्हीचा मनोरा झाला तेव्हा गावात जो तो छपरावर अँटेना चढवायला लागला. कचरू त्या वेळी घरीच बसून होता. नागापूरच्या एका कारखान्यात तो कामाला होता, तिथं शिडीवरून त्याचा पाय सटकला, मांडीचं हाड मोडलं आणि नोकरी सुटली. हाड जुळलं, पण पाय आखडला तो आखडलाच. हिशेबाचे पैसे हाती आले तेव्हा लोकांनी शेळ्या घे म्हणून सांगितलं. यानं टीव्ही घेतला. दिवसभर बसून तरी काय करू, असं त्याचं म्हणणं. बौद्ध आळीतला तो पहिला टीव्ही. पहिले काही महिने त्याच्या ओसरीत पाय ठेवायला जागा नसायची.

पण चित्र कसलं म्हणता? नुसत्या मुंग्या. बातम्या देणारी बाई पिठाच्या गिरणीत बसून बातम्या देतीय असं वाटायचं. मालिकेतली माणसं आवाजावरून ओळखायची आणि दोघांचा आवाज सारखा असला की सासरा कोण अन् जावई कोण यावर ओसरीत वाद व्हायचा. वारा सुटला, कावळा बसला, की तेवढंही चित्र जायचं. मग कचरू आखडलेला पाय ओढत शिडीनं पत्र्यावर चढायचा, पाइप फिरवायचा आणि ओरडायचा, "आलं का?" खालून त्याची बायको कलाबाई तिसऱ्या वळशाला, फार तर चौथ्या वळशाला सांगायची, "आलं, आलं. उतरा आता." तो उतरून आत यायचा तर पडद्यावर पुन्हा गिरणीच. एवढंच का, म्हणून तो विचारायचा. एवढंच येतंय, म्हणून ती चुलीकडं वळायची.

त्याचं घर आळीत सगळ्यात शेवटी, ओढ्याकडेला, टेकडीच्या अगदी पायथ्याला होतं. वरच्या अंगाच्या घरांत पुढं टीव्ही आले, त्यांचं चित्र स्वच्छ. तेव्हा यानं ठरवून टाकलं की दोष जागेचा. मग वायर बदलली, बूस्टर बसवला, दुकानदाराशी जाऊन कडाकडा भांडला. शेवटी विहाराच्या ओट्यावर बसून तो सांगायला लागला की त्या मनोऱ्याचं तोंडच शहराकडं आहे, आपल्याकडं त्याची पाठ आहे, आणि आपल्याला पाठ दाखवणं हे काही आजचं नाही. लोक हसायचे. नाचता येईना अंगण वाकडं, म्हणायचे. हळूहळू ज्याच्या त्याच्या घरी टीव्ही झाला आणि कचरूच्या ओसरीत दोघंच उरली. तो आणि कलाबाई. मुंग्या बघत बसायची. पोरगी प्रज्ञा नर्सिंग शिकायला मुंबईला गेली आणि तिथंच दवाखान्यात लागली. ती सुट्टीला आली की म्हणायची, आबा, डोळे जातील. पण खरं सांगायचं तर त्या मुंग्यांत त्या दोघांचं बरं चाललं होतं.

चैत्रात कलाबाई गेली. सकाळी पाण्याला गेली, हांडा घेऊन आली, छातीत दुखतंय म्हणाली आणि सुप्याला न्यायला जीप मिळेपर्यंत संपलीच. प्रज्ञा आली, रडली, पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमापर्यंत राहिली आणि रजा संपली तशी गेली. त्या सगळ्या दिवसांत बाप-लेक एकमेकांशी आईबद्दल एक शब्द बोलले नाहीत. तो बोलला असता तर रडला असता, आणि तो रडला असता तर पोरीचा पाय निघाला नसता, म्हणून तो गप्प. ती का गप्प होती हे त्यानं विचारलं नाही. एसटीत बसवताना फक्त म्हणाला, नीट जा.

त्यानंतर टीव्हीवर कापड पडलं ते पडलंच. वैशाखात एक मोठी वावटळ आली, तिनं अँटेना पार गरगरा फिरवून टाकली. कचरूनं खालूनच बघितलं आणि बघून न बघितल्यासारखं केलं. सकाळी दोन भाकरी थापायच्या, एक सकाळी खायची, एक रात्री. भाकरी त्याला नीट जमत नव्हती, पण कुणाला सांगायचं की जमत नाही म्हणून. घरात बोलायला कुणी नसलं की माणसाचा आवाजसुद्धा घट्ट होत जातो. एकदा दुकानात मीठ मागायला गेला तर पहिल्यांदा तोंडातून शब्दच फुटला नाही, खाकरावं लागलं.

ते दुकान मच्छिंद्र शेळक्याचं. गावात फोन तेवढा तिथंच. प्रज्ञा महिन्यातून दोनदा-तीनदा रविवारी तिथं फोन करायची. मच्छिंद्र पोरगं पाठवायचा, कचरू लंगडत यायचा. दुकानाच्या पायरीवर गावची चार टाळकी बसलेली असायचीच, आणि दुसऱ्याचा फोन सुरू झाला की त्यांच्या गप्पा बंद पडायच्या. मग बोलायचं काय? बरं हाय ना, असं ती विचारायची. बरं हाय, असं हा सांगायचा. तू बरी हाय ना? मी बरी हाय. झालं संभाषण. तेवढ्यासाठी तो धुतलेला सदरा घालून यायचा.

ज्येष्ठ लागला तेव्हा एका रविवारी ती फोनवर वेगळंच बोलली. मुंबईच्या टीव्हीसाठी नर्सेसच्या एका कार्यक्रमाचं शूटिंग झालंय, त्यात दवाखान्यातून चौघीजणींना नेलं होतं, त्यात मीपण आहे. गुरुवारी संध्याकाळी दाखवणार आहेत. "आबा, बघा," ती म्हणाली. आणि मग जरा थांबून, "मी शुक्रवारी फोन करते." कचरू बरं म्हणाला. फोन ठेवला तोवर बातमी पायरीवर पोचलीच होती. मच्छिंद्र म्हणाला, आमच्याकडं या, रंगीत हाय. आणखी दोघं म्हणाले आमच्याकडं या. त्यानं मान हलवली, पण जायचं नाही हे त्यानं तिथंच ठरवलं. आपल्याच पोरीला लोकांच्या उंबऱ्यात बसून बघायचं, आणि बघताना डोळ्यांत पाणी आलं तर ते दहा जणांनी बघायचं, हे त्याला नको होतं. चैत्रानंतर तिचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं. ते त्याला आपल्या घरात, एकट्यानं, पोटभर बघायचं होतं.

घरी येऊन त्यानं कापड काढलं, टीव्ही लावला. खरखर आणि मुंग्या, दुसरं काही नाही. बरोबरच होतं, अँटेनाचं तोंड जमिनीकडं आणि शेपूट आभाळाकडं होतं. तो शिडी लावून वर चढला, पाइप फिरवला आणि तोंड उघडलं. आलं का, हे शब्द ओठापर्यंत आले आणि त्याच्या लक्षात आलं की खाली कुणी नाही.

तो पाइप धरून तसाच बसून राहिला. कलाबाई गेल्याचं त्याला चितेपाशी कळलं नव्हतं एवढं त्या पत्र्यावर कळलं.

पण गुरुवार काही थांबणार नव्हता. दुसऱ्या दिवसापासून त्यानं एकट्यानं खटपट सुरू केली. वर जायचं, थोडं फिरवायचं, खाली येऊन बघायचं, पुन्हा वर जायचं. आखडल्या पायानं दिवसातून किती वेळा चढणार? दमला तेव्हा त्यानं डोकं चालवलं. टीव्हीचा आवाज पूर्ण मोठा करून ठेवला, म्हणजे वर ऐकू येईल. आवाज साफ आला की चित्रही आलं समजायचं. फिरवता फिरवता शेतकऱ्यांसाठीच्या कार्यक्रमातला बोकडाच्या खाण्यावरचा सल्ला असा खणखणीत ऐकू आला की त्याला वाटलं जिंकलो. खाली आला तर आवाज खणखणीत आणि पडद्यावर बोकडाचा पत्ता नाही. आवाजाची वाट वेगळी आणि चित्राची वाट वेगळी, हे त्याला त्या दिवशी समजलं. मग त्यानं कलाबाईचा वेणीफणीचा आरसा काढला, खुंटीला टांगून दारात असा तिरका लावला की वरून पडदा दिसावा. वर जाऊन वाकून बघितलं तर आरशात त्याचंच लेंगा वर खोचलेलं ध्यान दिसलं. बुधवार मावळला.

गुरुवारी सकाळी पुन्हा आवाज मोठा, पुन्हा खरखर. शेजारची लंकाबाई काठी टेकत आली. ती नात्यानं त्याची चुलत भावजय. नवरा जाऊन तिला पुष्कळ वर्षं झाली होती, लेक-सून केडगावला राहत होते. तिच्या घरी टीव्ही नव्हता आणि तिला तो नकोच होता. तिनं आधी विचारलं की भावजी, तुमच्या घरात कोण भांडतंय. मग त्याचा अवतार, शिडी आणि आरसा बघून तिला काय ते कळलं. काही न विचारता ती आत गेली आणि टीव्हीसमोर पोत्यावर बसली. वर जा, म्हणाली.

कचरूला नको म्हणता आलं नाही. तो चढला. अँटेना जिथं वर्षानुवर्षं असायची तिथं, नगरच्या अंगाला, टेकडीकडं आणून त्यानं विचारलं, "आलं का?"

"न्हाई."

त्यानं थोडं फिरवलं. "आता?"

"न्हाई. मुंग्या हायत."

मुंग्या तर असणारच, एवढंच येतं आपल्याकडं, असं तो वरून म्हणाला. तिचं आपलं एकच, न्हाई. तिसरा वळसा झाला, चौथा झाला. कचरूला राग यायला लागला. या वेळेपर्यंत कलाबाई दोनदा आलं म्हणाली असती. ही म्हातारी एक तर आंधळी आहे, नाहीतर मुद्दाम छळतीय. पत्रा तापत चालला होता, पाय थरथरत होता. तो म्हणाला, जरा बरं दिसतंय का तरी बघा. ती म्हणाली, बरं म्हंजी काय, दिसंना तर दिसंना म्हनती. चिडून त्यानं पाइपाला एक हिसडा दिला, तशी अँटेना नगरकडं पाठ करून ओढ्यापलीकडच्या कड्याकडं वळली, आणि लंकाबाई म्हणाली, "हां, तिकडंच. आनखी."

"वैनी, तिकडं नगर न्हाई."

"नगर असू न्हाईतर नसू. चित्र तिकडून येतंय. आनखी थोडं. थांबा. आता आलं."

मनोऱ्याच्या लाटा समोरच्या कड्यावर आपटून मागं फिरतात म्हणे, त्यामुळं कधीकधी पाठीकडून चित्र येतं. यातलं खरंखोटं शास्त्र जाणणाऱ्यांना ठाऊक. कचरू खाली आला तो भांडायच्या तयारीनं, आणि दारातच उभा राहिला. पडद्यावर एक बाई पुरणाची काहीतरी कृती सांगत होती. तिच्या पदराचे काठ दिसत होते. बांगड्या दिसत होत्या. बोटाला लागलेलं पीठ दिसत होतं. इतक्या वर्षांत या टीव्हीवर त्यानं माणसाचं बोट पाहिलं नव्हतं.

तो पोत्यावर टेकला. बराच वेळ पुरण बघत राहिला. मग स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला की हे आधी का नाही आलं. अँटेना तीच, टीव्ही तोच, मी एवढ्या वेळा चढलो, मग कलाबाईला कधी दिसलं कसं नाही.

लंकाबाई काठी चाचपत उठायला लागली होती, ती पुन्हा बसली. सांगावं की नाही, असा तिचा चेहरा झाला.

"तिनं टीव्हीकडं कधी बघितलंच न्हाई, भावजी," ती म्हणाली. "तुमी वर चढला का ती भाईर यायची, त्या शिडीपाशी. तुमच्या पायाकडं बघत हुबी ऱ्हायाची, अन् तुमी पाठमोरं उतरून भुईला टेकला का आधी आत शिरायची. मी माझ्या दारातनं बघायची की. येकदा इचारलं, अगं आत जाऊन बघ तरी, नुसती आलं आलं काय करती? तर म्हनली, चित्र जाऊंद्या चुलीत. येकदा शिडीवरनं पडल्यालं मानूस हाय, लई येळ वर नगं."

लंकाबाई गेली तेव्हा तिला बस म्हणायचंही कचरूला सुचलं नाही.

आधी त्याला राग आला. खरंच आला. आपण दुकानदाराशी भांडलो, मनोऱ्याला नावं ठेवली, गावात हसं करून घेतलं, आणि ही शहाणी सगळं माहीत असून चुलीकडं तोंड करून भाकरी थापत बसली. एवढंच येतंय, म्हणाली. मग राग ओसरला आणि खाली जे होतं ते वर आलं. त्याच्या पायाकडं इतकं लक्ष देणारं माणूस जगात एक होतं, आणि ते असताना तो पडद्याकडं बघत बसला होता. तो मोठ्यानं रडला. टीव्हीचा आवाज मोठाच होता, त्यामुळं बाहेर काही ऐकू गेलं नाही.

संध्याकाळी त्यानं तोंड धुतलं, दार लोटून घेतलं आणि पडद्यासमोर बसला. कार्यक्रम सुरू झाला. चौघी एका रांगेत पांढऱ्या गणवेशात बसलेल्या, आणि तिसरी प्रज्ञा. आवाजावरून ओळखायची गरज पडली नाही. तो पुढं सरकला, आणखी सरकला, शेवटी गुडघे टीव्हीच्या टेबलाला टेकले.

पोरगी वाळली होती. गालाची हाडं वर आली होती. डोळ्यांखाली काळं होतं, ते पावडरीनं झाकायचा कुणीतरी प्रयत्न केला होता आणि तो फसला होता. मुलाखत घेणारी बाई रात्रपाळीबद्दल विचारत होती, रुग्णांबद्दल विचारत होती आणि प्रज्ञा शहरातल्या मराठीत नीट उत्तरं देत होती. मग त्या बाईनं विचारलं की घरापासून इतकं लांब राहायचं, घरच्यांची आठवण येत नाही का. प्रज्ञा हसली. म्हणाली, "गावाला वडील असतात. ते मजेत आहेत. त्यामुळं मीही मजेत आहे." असं म्हणताना मांडीवर ठेवलेल्या एका हाताचा अंगठा दुसऱ्या हातानं ती इतकी आवळून धरत होती की नख पांढरं पडलं होतं.

मुंग्यांमधून ते दिसलं नसतं. मुंग्या असत्या तर कचरूनं पोरीचा आवाज ऐकला असता, मजेत आहे हे ऐकलं असतं, आणि निवांत भाकरी खाऊन झोपला असता. आता त्याला चटका बसला. मजेत हा शब्द तिनं मनानं काढलेला नव्हता. दर रविवारी दुकानातून बरं हाय, बरं हाय म्हणून त्यानंच तो तिच्याकडं धाडला होता, आणि तिनं तो जसाच्या तसा परत केला होता. तिच्या आईनं जे पत्र्याखाली उभं राहून केलं तेच बाप-लेक फोनवर करत होते. फरक एवढाच की आईनं ते करून एका माणसाला सुखरूप खाली आणलं, आणि ही दोघं आपापल्या जागी वरच अडकून बसली होती.

शुक्रवारी बोलावणं यायची वाट न बघता तो दुकानावर जाऊन बसला. पायरीवरच्या मंडळींनी कार्यक्रम आपापल्या घरी पाहिला होता. त्यांनी पोरीचं कौतुक केलं, गावाचं नाव निघालं म्हणाले. कचरू हो ला हो करत राहिला. फोन वाजला. मच्छिंद्रनं त्याच्या हातात दिला आणि नेहमीप्रमाणे पायरीवरच्या गप्पा बंद झाल्या.

पलीकडून प्रज्ञानं विचारलं की बघितलं का, आणि आपल्या टीव्हीवर कितपत दिसलं. सगळं दिसलं, तो म्हणाला. तिला खोटं वाटलं असावं, ती हसली. मग नेहमीचा प्रश्न आला.

"बरं हाय ना, आबा?"

कचरूनं पायरीकडं पाहिलं. सगळे दुसरीकडं बघत होते आणि सगळ्यांचे कान इकडं होते. तो एकदा खाकरला.

"न्हाई," तो म्हणाला. "बरं न्हाई, बाळ. मला करमत न्हाई. भाकर करता येत न्हाई. तुझी आय गेल्यापासनं घरात मला बसवत न्हाई."

पायरीवर कुणीतरी हललं. मच्छिंद्र उगाच पोत्यातली साखर सारखी करायला लागला. पलीकडून श्वास ऐकू आला, अडखळत येणारा, आणि त्यामागून लहानपणी यायचा तसा तिचा आवाज आला.

"आबा, मलाबी न्हाई करमत," ती म्हणाली आणि रडायला लागली.

कचरूनं फोन दुसऱ्या कानाला लावला आणि चार माणसांदेखत दुकानाच्या फरशीवर फतकल मारून बसला. आखडलेला पाय त्यानं हातानं उचलून नीट ठेवला, आणि म्हणाला, "बोल."